कच्चं लिंबू

शाळेचं जोतं साधारण दीड फूट उंच असतं. रॅम्पचा नियम एकास बारा. एक फूट चढायचं तर बारा फूट लांबी हवी, म्हणजे दीड फुटाला अठरा. विशेष शिक्षिका म्हणून आमच्या तालुक्यात मी पाहिलेले बहुतेक रॅम्प सहा-सात फुटांत संपतात. पुढे झेंड्याचा कट्टा येतो, नाहीतर ठेकेदाराचं सिमेंट संपतं. अशा चढावर चाकाची खुर्ची वर न्यायला दोन माणसं लागतात आणि खाली आणायला तीन. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरतं. एरवी पोरं घसरगुंडी करतात, आणि गुरुजींची मोटारसायकल तेवढी त्यावरून सुखरूप व्हरांड्यात चढते.

यू-डायस या शाळांच्या सरकारी नोंदीत ‘रॅम्प आहे का’ असा रकाना असतो. ‘कठडा आहे का’ असाही असतो. उत्तर होय किंवा नाही. लांबी विचारत नाहीत. रॅम्प संपल्यावर वर्गाचा दोन इंचांचा उंबरठा येतो, त्याला तर रकानाच नाही.

*

पहिली-दुसरीचे वर्ग आमच्याकडे अजून सतरंजीवर भरतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बहुतेक मुलांचे मांडीमागचे स्नायू ताठ असतात. मांडी घालता येत नाही. पाय पसरून बसलं तर पाठ मागे कलते आणि तोल सांभाळायला हात जमिनीवर टेकावे लागतात. हात टेकले की लिहायचं कशाने? म्हणून ती मुलं आपली एक बैठक शोधून काढतात: गुडघे आत, पावलं दोन्ही बाजूंना बाहेर. फिजिओथेरपिस्ट म्हणतात, तसं बसू देऊ नका, खुब्याला वाईट. खरं आहे. पण त्या बैठकीत मुलाचे दोन्ही हात मोकळे होतात, हेही खरं आहे, आणि मुलाला दुसरं खरं आधी कळतं.

एका शाळेने हौसेने खुर्ची आणली. पहिलीतला असा एक पोरगा खुर्चीवर आणि बाकी बावीसजण खाली. मागच्यांना फळा दिसेना. हा वर बसून सगळ्यांची डोकी बघतोय. पोरं त्याला ‘साहेब’ म्हणायला लागली, आणि साहेबांशी कोण गप्पा मारणार? शेवटी गावातल्या सुताराकडून कोपऱ्याची बैठक करून घेतली. दोन फळ्या काटकोनात जोडलेल्या, पाठ त्या कोपऱ्यात बसते, खांदे आपोआप पुढे येतात. पायांमध्ये एक गोल ठोकळा, म्हणजे मांड्या एकमेकींवर चढत नाहीत. पुढे छोटं मेज. सगळं जमिनीलगत, डोकं सगळ्यांच्या बरोबरीला. सुताराने पैसे निम्मेच घेतले आणि ‘फळी सागाची नाय, सांगून ठेवतो’ असं दोनदा बजावलं.

त्या आठवड्यात त्या पोराला बोलण्याबद्दल पहिल्यांदा ओरडा बसला. शेजारच्याशी कुजबुजत होता.

*

याच मुलांपैकी काहींना अचानक आवाज झाला की सगळं अंग दचकतं. आमच्याकडे घंटा म्हणजे रेल्वेरुळाचा तुकडा आणि हातोडी. तास बदलला की पेन्सिल उडते, वहीवर रेघ जाते. दुसरीतली एक मुलगी खिडकीतून मावशींवर लक्ष ठेवून असते. मावशी हातोडीकडे वळल्या की पेन्सिल खाली ठेवते.

*

सातवीतली मुलगी. वॉकरने चालते. सकाळी नऊला घरून निघते, पाचला परत. मधल्या वेळात पाणी पीत नाही. डबा खाताना एक घोट, तोही घास उतरावा म्हणून. बाटली मात्र रोज भरून आणते, कारण बाटली नसली तर बाई विचारतात.

मुलींची मुतारी आहे, चांगली फरशी लावलेली. वर जायला तीन पायऱ्या, आत बसायचं ते उकिडवं. तिला ते शक्य नाही. दिव्यांगांसाठीचं वेगळं स्वच्छतागृहही आहे. कमोड, भिंतीला कठडा, सगळं. त्याला कुलूप. उघडं ठेवलं तर बाजारची माणसं घाण करतात, असं कारण सांगितलं जातं आणि ते खोटं नाही. आत खिचडीची जुनी पातेली, मंडपाचे बांबू, फुटका पृथ्वीगोल. किल्ली मुख्याध्यापकांकडे. ते बैठकीला गेले की किल्लीही बैठकीला जाते. आणि असले, तरी तेरा वर्षांच्या मुलीने कार्यालयात जाऊन, शिक्षक चहा पीत बसलेले असताना, ती किल्ली मागायची. ती मागत नाही. पाणी पीत नाही.

पाठीच्या कण्यात जन्मतः दोष असलेल्या मुलांचं, म्हणजे स्पायना बिफिडाचं, याहून बिकट. त्यांतल्या अनेकांना लघवी भरल्याचं कळतच नाही. दर तीन-चार तासांनी नळी घालून ती काढावी लागते. पाच-दहा मिनिटांचं काम, शिकवलं तर मूल स्वतः करतं. पण त्याला हात धुवायला पाणी लागतं, आतून लागणारी कडी लागते आणि नळी ठेवायला स्वच्छ कोरडी जागा लागते. ते टळत गेलं तर जंतुसंसर्ग, आणि वर्षानुवर्षं टळलं तर मूत्रपिंडांवर येतं. शाळा तपासायला येणारे साहेब फळा बघतात, पटसंख्या बघतात. मी कडी बघते.

सातवीतल्या मुलीसाठी आम्ही दुसरी किल्ली करून घेतली. ती आता तिच्या कंपासपेटीत असते. किल्ली बनवायला बाजारात दहा मिनिटं लागली. बनवायची की नाही हे ठरायला एक सत्र गेलं.

*

पाहुणे शाळेत आले की मुलासमोर मला विचारतात, ‘याला काय झालंय?’ पाचवीतल्या एकाने एकदा विस्तार अधिकाऱ्यांना सरळ सांगितलं, ‘मला इचारा की, मी हितंच हाय.’ साहेब हसले आणि पुढचा प्रश्न परत मलाच विचारला.

*

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्याने दिव्यांगत्वाचे 7 चे 21 प्रकार केले, आणि चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. बहुतेक सवलतींचं दार या चाळीसला उघडतं. टक्के काढताना डॉक्टर सांधा किती वळतो, स्नायूत जोर किती, पाय किती आखूड, हे मोजतात. वाडी आणि शाळा यांच्यामधला ओढा त्यात धरत नाहीत, आणि धरणार तरी कसा. एका मुलाचे टक्के चाळीसच्या जरा खाली आले. त्याची आई सिव्हिलच्या पायरीवर बसून म्हणाली, ‘डागदर म्हनले पोरगं बरं हाय. बरं हाय तर मग चढंना का?’

दिव्यांग मुलींना समग्र शिक्षा योजनेतून महिना 200 रुपये प्रोत्साहन भत्ता आहे, दहा महिन्यांचा. खात्यावर येतो. खात्याला आधार लागतं, आधारला बोटांचे ठसे. ज्या मुठी मुळात उघडत नाहीत त्यांची बोटं काचेवर सपाट कशी बसणार? केंद्रातला पोरगा जोर लावतो. जोर लावला की मूठ आणखी आवळते. अशा वेळी हात कोमट पाण्यात धरायचा, मुलीला दुसरीकडे बघायला लावायचं, अंगठ्याच्या मुळाशी हलकं दाबायचं. विशेष शिक्षकाच्या प्रशिक्षणात हे नव्हतं, आधार केंद्राच्या तर नव्हतंच.

*

व्हरांड्यात बसलेली आई हा आमच्या शाळांतला नेहमीचा देखावा. सकाळी पोराला कडेवर आणायचं, दिवसभर बसायचं, लघवीला न्यायचं, भरवायचं, संध्याकाळी परत. मदतनीस भत्ता असतो, पण तो येतो तेव्हा वर्षाचा एकदम येतो. मजुरी रोजची बुडते. काही शाळांत ही आई हळूहळू शाळेचीच होऊन जाते. तांदूळ निवडते, नळ आला की टाकी भरते. कुणी सांगितलेलं नसतं, पण फुकट बसायचं कसं, म्हणून.

आई जवळ असली की पोरं जवळ येत नाहीत. खडू उचलून द्यायचा तर आई आहेच. चिडवायचं, ढकलायचं, कानात सांगायचं, तेही राहतं. दुसरीच्या एका बाईंनी हे माझ्याआधी ओळखलं. म्हणाल्या, ‘वहिनी, तुम्ही उद्यापासून घरी जावा.’

‘आन् त्याला लागली तर?’

‘मला दोन लेकरं हायत वहिनी. मी बघते.’

वहिनी घरी गेल्या नाहीत. आठवडाभर मारुतीच्या पारावर बसल्या, तिथून शाळेचं फाटक दिसतं. मग भांगलणीची हंगामी घाई सुरू झाली आणि रानात गेल्या. बाईंनी कुणाला काही जाहीर केलं नाही, वर्तमानपत्रात फोटो नाही. पोराला त्या स्वतः न्यायच्या. महिन्याभरात चौथीतले दोघे न्यायला लागले, कारण तेवढाच वर्गाबाहेर जायचा परवाना.

*

खेळाच्या तासाला अशा मुलाला गुण लिहायला बसवतात. हे काम वाईट नाही, पण ते त्याला विचारून दिलेलं नसतं. त्यामुळे काही मुलं पहिलीपासून सातवीपर्यंत गुणलेखकच असतात.

आमच्या बाजूचा, आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी 2024 साली पॅरिसच्या पॅरालिम्पिकमधून गोळाफेकीचं रौप्यपदक घेऊन आला. फेक 16.32 मीटर. शाळकरी वयातच त्याचा डावा हात अपघातात अधू झालेला. तेव्हा आमच्या शाळांच्या फळ्यांवर त्याचं नाव आलं, परिपाठात माहिती वाचली गेली. वाचायला ज्याला उभं केलं तो मुलगाही एका हाताने अधू होता, उजव्या. वाचून झाल्यावर तो खेळाच्या तासाला वही घेऊन बसला. गोळा शाळेत होता. कपाटाखाली होता, दार उघडं राहावं म्हणून लावलेला.

*

पोरांचे नियम मोठ्यांच्या नियमांपेक्षा बरे, पण त्यांनाही हद्द असते. सहावीतला एक. डावी बाजू अशक्त, पळताना पाय ओढतो. क्रिकेटमध्ये पोरांनी त्याला कच्चं लिंबू ठरवलेलं. खेळायचं सगळं, बॅटिंग मिळणार, पण आउट धरायचं नाही. सरांना मोठं कौतुक. मला मुद्दाम दाखवायला घेऊन गेले. ‘बघा मॅडम, कुणी सांगितलं नाही, पोरांनी आपणहून.’

वर्षभर हा आउट झाला नाही. एक दिवस त्रिफळा उडाला, म्हणजे विटांची चळत पडली, आणि नेहमीप्रमाणे सगळे ओरडले, ‘नो बॉल!’ याने बॅट टाकली.

‘मी आउट हाय.’

‘आरं तू लिंबू हाइस की.’

‘मी लिंबू नाय. आउट द्या.’

देईनात. त्यांना वाटलं रुसला. पुढचा चेंडू टाकला तर हा बॅट न उचलता नुसता उभा. पुढचा, तसाच. खेळ बंद पडला. मग बैठक बसली, विटांभोवती. पळायला बदली चालेल, हे ठरलं. आउट म्हणजे आउट, हे ठरलं. बदलीवाला धावबाद झाला तर कोण आउट, यावर मधली सुट्टी संपली.

त्यानंतर तो भराभर बाद व्हायला लागला. पाच धावांच्या वर जात नव्हता. रोज बाद होऊन शिव्या घालत क्षेत्ररक्षणाला जायचा. सर मला म्हणाले, आधीच बरं होतं, निदान आनंदात होता. मला तसं वाटत नाही. आधी तो खेळात होता की नव्हता, हेच कुणाला सांगता आलं नसतं.

*

कुबड्या घेणाऱ्या मुलाचे दोन्ही हात गुंतलेले. दप्तर पाठीवरच, आणि पाठीवरचं ओझं त्याला मागे खेचतं. दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जड नसावं असा दंडक आहे. वीस किलोच्या मुलाला दोन किलो. दप्तराची पिशवी, डबा आणि पाण्याची बाटली यांतच ते संपतं. 2023-24 आणि 2024-25 या दोन वर्षी बालभारतीची पुस्तकं चार भागांत होती. सगळ्या विषयांचा थोडा थोडा भाग एका पुस्तकात, आणि मध्ये कोरी पानं. कोऱ्या पानांवरून खूप वादावादी झाली. आमच्या कुबड्यावाल्यांना मात्र पहिल्यांदा एकच पुस्तक घेऊन शाळेत येता आलं, आणि त्या वादात त्यांचा उल्लेखही कुठे आला नाही.

सोपा उपाय जुनाच आहे. गेल्या वर्षी पास झालेल्या मुलाचा संच शाळेत ठेवायचा, नवा घरी.

*

कॅलिपर. आधी मोजमाप शिबिर, मग काही महिन्यांनी वाटप शिबिर. केंद्राची साहित्यवाटपाची ॲडिप योजना 1981 पासूनची, साहित्य बहुतेक कानपूरच्या अलिम्कोचं. मोजताना पोरगं तिसरीत असतं, मिळताना चौथीत, आणि पाय तेवढ्यात वाढलेला असतो. गुडघ्याचा सांधा गुडघ्याच्या खाली येतो. ते पोरगं दोन दिवस घालतं, मग कॅलिपर माळ्यावर. पुढच्या शिबिरात नोंद दिसते: साहित्य दिलेलं आहे.

दुरुस्तीला कानपूर लांब आणि जिल्हाही लांब. पट्टा तुटला तर चांभारदादा, दांडी तुटली तर ट्रॉलीला वेल्डिंग करणारा. दोघेही कामात पक्के आहेत. वेल्डिंगवाल्याने एकदा सांध्याचं कुलूपच वेल्ड करून टाकलं. म्हणाला, आता कधी हलणार नाही.

शासनाचे बूट येतात, जोडी एकच मापाची. स्प्लिंट एका पायात असेल तर त्या पायाला दोन मापं मोठा बूट लागतो. आमच्याकडे दोन बहिणींना दोन मापांच्या जोड्या आल्या. धाकटीच्या स्प्लिंटच्या पायात थोरलीचा बूट बसतो. थोरलीच्या वाट्याला एक स्वतःचा आणि एक चावणारा.

3 डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनाचा कार्यक्रम. मंचाला पाच पायऱ्या. चाकाची खुर्ची मिळणारी मुलगी खाली, खुर्ची मंचावर, फोटो मंचावर. मग काय करणार, मुलीला उचलून वर नेली. खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची. फोटोत मुलगी तिच्यात बाजूला कललेली दिसते, मागचे सगळे सरळ.

*

ड्यूशेन हा स्नायूंचा आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. जन्मतः कळत नाही. पोरगं पहिलीत पळतं, जरा डुलत पळतं. पोटऱ्या भरदार, आई म्हणते अंगाने चांगलाय. दुसरीत सारखं पडतं. जमिनीवरून उठताना हात स्वतःच्याच मांडीवर टेकत टेकत वर चढतं. दहा-बारा वर्षांच्या आसपास चालणं बंद होतं. या सगळ्यात बुद्धी बहुधा शाबूत असते, म्हणजे आपलं काय चाललंय ते पोराला नीट समजत असतं.

शाळेचा हिशेब बरोबर उलटा. लहान वर्ग खाली, मोठे वर्ग वरच्या मजल्यावर. पाय जायला लागतात तेव्हा वर्ग वर जातो.

एका हायस्कुलात चार मित्र एका मुलाला खुर्चीसकट वर नेत. शाळेने त्या मित्रांचा सत्कार केला, योग्यच केलं. पण रोज दोनदा उचललं जाणारं पोरगं नववीत पंधरा वर्षांचं असतं. शर्ट वर सरकतो, पोट दिसतं, पोरी जिन्यात उभ्या असतात. ज्या दिवशी चारांपैकी एक गैरहजर, त्या दिवशी हा गैरहजर. मधल्या सुट्टीत खाली न्या असं सांगायचं तो टाळायचा. डबा वरच, एकट्याने. ‘त्यांची सुट्टी जाते मॅडम,’ म्हणाला.

दुसऱ्या एका हायस्कुलात मुख्याध्यापिकेने पन्नास मुलांचा अख्खा वर्ग खाली आणला आणि चित्रकलेचा वर्ग वर नेला. अर्ध्या दिवसाचं काम, बाकं पोरांनीच हलवली. कुणाचा सत्कार झाला नाही, कारण कुणी काही उचललंच नाही. फक्त दर जूनला वेळापत्रक नव्याने लागतं आणि दर जूनला त्या मुलाचे वडील हातात टोपी घेऊन पुन्हा विनंती करायला येतात. तीच विनंती, गेल्या वर्षीच्याच बाईंना. वर्ग खालीच राहील एवढं एक वाक्य त्या एकदाच कागदावर का लिहून ठेवत नाहीत, हे मला समजलेलं नाही.

*

कायद्याने पालकांना निवड दिली आहे: जवळची शाळा किंवा विशेष शाळा. कागदावर सोपं. प्रत्यक्षात जवळच्या शाळेत घर आहे आणि सोय नाही, वसतिगृहाच्या शाळेत सोय आहे आणि घर नाही.

कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी 1984 साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था सुरू केली. त्या स्वतः तरुणपणी कमरेखाली लुळ्या झालेल्या. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचं आत्मकथन आमच्या गटसाधन केंद्राच्या कपाटात आहे. आमच्याकडचा एक मुलगा अशाच एका संस्थेच्या वसतिगृहात राहायला गेला. दिवाळीला आला तो स्वतःची आंघोळ स्वतः करत होता, शर्टाची बटणं लावत होता, आणि आईने भरवायला हात पुढे केला तर ताट बाजूला घेत होता. आई दोन दिवस रडली. आनंदाने की कशाने, विचारलं नाही. समावेशित शिक्षणाची नोकरी करणारी मी, माझं मत गावातल्या शाळेच्या बाजूचं. पण त्या मुलाला परत आणा असं सांगायला माझी जीभ रेटली नाही. गावच्या शाळेत त्याने पाच वर्षांत एक बटण लावलं नव्हतं.

*

शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीपासून तीव्र किंवा बहुविकलांग मुलांना घरी राहून शिकायचा पर्याय आहे. नाव शाळेच्या पटावर, मूल घरी, शिक्षक आठवड्यातून कधी तरी. माझ्याकडे अशी एक मुलगी आहे, दहा वर्षांची, मानही नीट धरत नाही. पटावर नाव असल्यामुळे गणवेश मिळतो. आजीने तो ट्रंकेत ठेवलेला. मी जाते त्या दिवशी पोरीला तो हवा असतो. बोलता येत नाही, पण ट्रंकेकडे बघत राहते. गणवेश चढवायला आजीला वीस मिनिटं लागतात, ताठ हात बाहीत घालायचे म्हणजे. ‘घरात बसून कशाला गं नटायचं,’ आजी कुरकुरते आणि केसांना लाल रिबीनही बांधते.

पर्याय चांगला आहे. पण एकदा नाव त्या यादीत गेलं की शाळेला त्या मुलाची आठवण काढायचं कारण उरत नाही. शनिवारी सकाळी शाळा असते, दोन तास तरी आणा, असं मी दोन्हीकडे सांगत असते. शाळा म्हणते जबाबदारी कुणाची? आजी म्हणते रिक्षा कुणाची?

*

अशा मुलाला शाळेत कुणी रागावत नाही. गृहपाठ नाही केला, चालेल. पाढे नाही आले, असू दे. ‘त्याला कशाला त्रास?’ सातवीपर्यंत सगळे शिक्षक प्रेमळ, सगळ्या प्रगतिपुस्तकांत बऱ्या श्रेण्या, आणि आठवीत समजतं की जोडाक्षर वाचता येत नाही. पाय अधू होता. वाचन आम्ही अधू केलं. एखादे खाष्ट गुरुजी असतात, ते कुबड्या भिंतीला टेकवून घेतात आणि म्हणतात, सतराचा म्हण. चुकला की परत. मुलं त्या गुरुजींची नक्कल करतात, आणि पुढे नाव त्यांचंच घेतात.

*

हात ताठ असलेल्या मुलाचं अक्षर सावकाश येतं. फळ्यावरचं तीन ओळी उतरतात तोवर ‘पुसू का?’ येतं. वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. एका मुलाने फक्त उत्तरं लिहायची, प्रश्न लिहायचे नाहीत, अशी पद्धत काढली. वहीभर नुसती उत्तरं. कार्बन पेपर हा जुना उपाय मी अजून वापरते. शेजारच्याने आपल्या वहीत लिहायचं, खाली कार्बन, त्याखाली याचा कागद. कार्बन पेपर आता फक्त तालुक्याच्या एका दुकानात मिळतो. दुकानदाराला वाटतं मी एखाद्या पतसंस्थेत आहे.

दहावीला तासाला वीस मिनिटं जादा मिळतात. तीन तासांच्या पेपरला एक तास. चांगली सोय आहे, पण चार तास एका बाकावर बसायचं असतं, ज्याला दोन तासांत पाठ धरते त्याने. लेखनिक मिळतो, तो खालच्या वर्गातला हवा. नववीतला मुलगा किंवा मुलगी शोधायची, जिचं अक्षर बरं, जिचे आईवडील सोडतील आणि जी सगळे पेपर टिकेल. बहुतेक शाळांत हा शोध फेब्रुवारीत सुरू होतो. तोपर्यंत त्या मुलाने आयुष्यात एकदाही तोंडाने उत्तर सांगितलेलं नसतं. स्वतःशी विचार करणं वेगळं आणि ‘प्रश्न दोन, उपप्रश्न अ, दोन ओळी सोड, समीकरण लिही, कंसात एक्स वजा तीन, कंस पूर्ण, त्याचा वर्ग’ असं म्हणणं वेगळं. आकृती तर बोलून काढायची: बिंदू पीपासून स्पर्शिका, नाही, जरा वर, नाही, एवढी वर नाही.

म्हणून आठवीपासूनच जोडी लावायची असा माझा आग्रह असतो. सध्या एका शाळेत आठवीतला मुलगा आणि सातवीतली मुलगी दर शुक्रवारी शेवटच्या तासाला बसतात. परवा निबंध चालू होता. तो सांगतोय, ती लिहितेय. मध्येच तो वाकून बघतो.

‘आशीर्वाद असा नसतो लिहीत.’

‘असाच असतो. र्शि.’

‘शीला दीर्घ वेलांटी, आणि रफार वावर.’

‘तू सांगतोस ते मी लिहिते. अक्षरं मला नको शिकवू.’

‘मार्क माझे कापणारेत, तुझे नाय.’

‘मग तूच लिही.’

‘आलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं? खोड ते.’

तिने खोडलं, पेनने, कागद फाटेपर्यंत. नवीन पान घेतलं. त्याने निबंध पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, आणि या वेळी प्रत्येक स्वल्पविरामाला ‘स्वल्पविराम’ म्हणायला लागला, मुद्दाम, मोठ्याने.